गाणी चांगली होती, की वय?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो.

माझ्या घरातल्या मागच्या खोलीत चार लाकडी मांडण्यांवर साधारण सातशे कॅसेटी आहेत. त्यांतल्या निम्म्याहून अधिक १९९० नंतरच्या पंधरा वर्षांतल्या पॉप गाण्यांच्या आहेत, म्हणजे जी गाणी कोणत्याही चित्रपटात नव्हती त्यांच्या. वर्तमानपत्रे त्यांना ‘इंडीपॉप’ म्हणत. माझ्या दुकानात येणारी मंडळी ‘प्रायव्हेट अल्बम’ म्हणत. त्या खोलीत आलेला पाहुणा दोन-चार कॅसेटी हातात घेतो, मुखपृष्ठे पाहून हसतो, एखाद्या गाण्याची ओळ गुणगुणतो आणि मग जवळजवळ ठरल्यासारखा एकच प्रश्न विचारतो, की काका, ही गाणी खरोखरच एवढी चांगली होती, की तेव्हाचे वय चांगले होते?

हा प्रश्न मला कधी उथळ वाटला नाही. विचारणारे बहुतेक जण आज चाळिशी-पंचेचाळिशीत आहेत आणि त्या गाण्यांच्या वेळी ते शाळा-कॉलेजात होते. आपल्या आठवणीवर किती विश्वास ठेवावा, हे त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे असते. परंतु माझ्या बाबतीत वयाचा मुद्दा लागू पडत नाही. १९९२ साली सांगलीत हरभट रोडलगतच्या एका गल्लीत मी कॅसेटचे दुकान थाटले तेव्हा मी ३७ वर्षांचा, दोन मुलांचा बाप होतो. माझे तारुण्य रेडिओ सिलोन आणि विविध भारतीवर गेले होते, आणि कान त्याच्याही आधी नाट्यसंगीतावर घडला होता. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ ज्या गावात रंगभूमीवर आणले त्या गावचा मी. आमच्या घरात पदे पाठ असणे ही काही मोठी गोष्ट मानली जात नसे. त्यामुळे बाबा सेहगलचे ‘ठंडा ठंडा पानी’ त्याच वर्षी दुकानात वाजू लागले तेव्हा मला ते मुळीच आवडले नव्हते, आणि आजही आवडत नाही. उसन्या चालीवर यमके जुळवलेले ते गाणे खपले भरपूर, पण त्यात मन रमावे असे मला काही सापडले नाही. सांगायचे एवढेच, की मी या गाण्यांच्या प्रेमात वयामुळे पडलो नाही. काउंटरमागे उभे राहून, लोक ती कशी ऐकतात हे पाहता पाहता मी त्यांच्यापर्यंत पोहोचलो.

आता ‘सिंगल’ या शब्दाविषयी थोडे सांगायला हवे, कारण आजची मुले तो सर्रास वापरतात. परदेशात सिंगल म्हणजे एका गाण्याची वेगळी विकली जाणारी तबकडी, मिनिटाला ४५ फेरे घेणारी. कॉर्नरशॉप या इंग्लंडमधल्या वाद्यवृंदाने १९९७ साली आशा भोसले यांच्यावर जे गाणे केले, त्याच्या धृवपदात आशाताईंच्या नावाबरोबर हाच ४५ चा आकडा येतो. नॉर्मन कुक याने त्याला नवा साज चढवला आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये ते ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. आशाताई आमच्या सांगलीच्या. तेव्हा ते गाणे कुठून तरी मिळवून मी दुकानात लावले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यातले नाव ऐकवले होते. आपल्याकडेही पूर्वी चित्रपटगीतांच्या लहान तबकड्या निघत. कॅसेटच्या काळात मात्र एका गाण्याची कॅसेट काढून विकण्याची रीतच उरली नव्हती. गिऱ्हाईकाला एक गाणे हवे असले तरी आठ गाणी विकत घ्यावी लागत.

तरीही सिंगल होते. ते मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि बोटांनी चाचपले आहे.

कॅसेटची टेप हेडवरून, म्हणजे प्लेअरमधल्या आवाज वाचणाऱ्या भागावरून, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकते. साडेचार मिनिटांचे गाणे म्हणजे साधारण १३ मीटर टेप झाली. लोक दुरुस्तीसाठी कॅसेटी आणून देत. कधी टेप गुंतलेली असे, कधी आतली नमद्याची बारीक गादी निखळलेली असे, आणि पुष्कळदा तक्रार अशी असे की ‘काका, बाकीची गाणी बरी वाजतात, हे एकच दबल्यासारखं येतं.’ मी पाच स्क्रू काढून झाकण उघडत असे आणि खिडकीच्या उजेडात टेप धरत असे. त्या एका गाण्याच्या तेरा मीटरांवरची चमक गेलेली असे. काठ किंचित लहरी झालेले असत, आणि तिथून स्पिरिटात भिजवलेला कापूस अलगद फिरवला तर त्याला तपकिरी भुकटी लागे. आधीची आणि नंतरची टेप नवी कोरी. त्या घरात ते एकच गाणे पुन्हा पुन्हा मागे घेऊन ऐकले गेले होते, इतके की गाण्याचा थरच झिजून निघाला होता.

आमच्या नाट्यगृहांत याला ‘वन्स मोअर’ म्हणत. बालगंधर्वांच्या पदाला प्रेक्षक वन्स मोअर देत आणि पद पुन्हा सुरू होई. माझ्या गिऱ्हाइकांची बोटे रिवाइंडच्या बटणावर तेच करत होती. कोणत्या गाण्याला वन्स मोअर मिळाला हे कंपनीच्या हिशेबात दिसत नसे, ते टेपवर दिसे. म्हणून ‘कोणती गाणी खरी चांगली होती’ असे कोणी विचारले की मला आधी ती झिजलेली टेप आठवते.

त्या झिजण्यामागचे कारण शोधताना मला एक गोष्ट हळूहळू उमगली. दुकानात चित्रपटाची कॅसेट मागणारा माणूस चित्रपटाचे नाव घेई, फार तर नायकाचे. मुखपृष्ठावर नायक-नायिका असत. गायकांची नावे आतल्या घडीवर, बारीक अक्षरांत. १९९५ च्या सुमारास मागणीची भाषा बदलली. ‘अलिशाची द्या’, ‘दलेरची आली का?’, ‘लकी अलीचं ते इजिप्तवालं’ असे लोक म्हणू लागले. मागणी गळ्याची होऊ लागली होती, आणि मुखपृष्ठावर त्याच गळ्याचा धनी उभा होता. चित्रपटात १९३५ च्या सुमारास पार्श्वगायन आले तेव्हापासून गाणारा एक आणि ओठ हलवणारा दुसरा, हे आपण इतके अंगवळणी पाडून घेतले होते की त्यात काही गमावले आहे हेच विसरलो होतो. संगीत नाटकात असे नव्हते. तिथे जो गात असे तोच समोर उभा असे, त्याच्या गळ्याची शीर ताणलेली पहिल्या रांगेतल्या माणसाला दिसे. या पॉप गाण्यांनी आवाजाला त्याचा चेहरा परत दिला. नाट्यसंगीतावर वाढलेल्या माझ्यासारख्याला ती गाणी आपली वाटू लागली ती या वाटेने, आणि हे मी कोणाला पटवून द्यायला म्हणून सांगत नाही, माझ्यापुरते ते तसे घडले.

अलिशा चिनॉय यांचे ‘मेड इन इंडिया’ १९९५ साली आले. संगीत बिद्दू यांचे, ज्यांनी १९८१ साली नाझिया हसनकडून ‘डिस्को दीवाने’ गाऊन घेतले होते. चित्रफितीतला तरुण मिलिंद सोमण होता, दादरच्या शिवाजी पार्कचा, जलतरणात नाव काढलेला. पण लोकांनी कॅसेट मागितली ती अलिशाची. दलेर मेहंदी यांचे ‘बोलो ता रा रा’ त्याच वर्षीचे. पुढे, त्यांची गाणी चालतात ती चित्रफितींतल्या मॉडेल मुलींमुळे असे लोक म्हणू लागले, तेव्हा १९९८ च्या ‘तुनक तुनक तुन’मध्ये त्यांनी दुसऱ्या कोणालाच घेतले नाही. चार रंगांचे पोशाख घातलेले चार दलेर मेहंदी, बस्स. गायकाने आपल्या आवाजाची बाजू इतक्या आनंदाने मांडलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. ते गाणे लहान मुलांनी अक्षरशः उचलून धरले होते. शाळा सुटल्यावर चारपाच जणांचे टोळके दुकानाबाहेर नाचून घरी जाई आणि मी त्यांच्यासाठी ते मुद्दाम लावून ठेवत असे.

फाल्गुनी पाठक यांच्याबद्दल मला अधिक आदर आहे. १९९८ चे ‘याद पिया की आने लगी’ आणि १९९९ चे ‘मैंने पायल है छनकाई’ या गाण्यांच्या गिऱ्हाइकांत आठवी-नववीतल्या मुली सर्वांत जास्त होत्या, आणि त्या स्वतः पैसे साठवून येत. पाचाच्या, दहाच्या नोटा काउंटरवर मोजून ठेवत. चित्रफितीत एखाद्या मुलीची कोवळी गोष्ट असे आणि फाल्गुनीताई तिच्या आसपास सूत्रधारासारख्या वावरत, आखूड केसांत, शर्ट-पँटमध्ये, जशा त्या नवरात्रातल्या दांडियाच्या मंचावर उभ्या राहात तशाच. त्यांना कोणी साडी नेसवली नाही की नायिका केले नाही. हे त्या मुलींनी पाहिले, आणि त्यांना त्यात काही वेगळे वाटले नाही, याचे मला आजही फार मोल वाटते.

आणि शुभा मुद्गल. त्यांचे ‘अली मोरे अंगना’ १९९६ साली आणि ‘अब के सावन’ १९९९ साली आले. पंडित जितेंद्र अभिषेकी आणि पंडित कुमार गंधर्व यांच्याकडे तालीम घेतलेला तो आवाज ड्रम आणि गिटार यांच्या मध्यावर उभा राहिला, तेव्हा आमच्या गावातल्या जुन्या जाणत्या श्रोत्यांपैकी काही जण नाराज झाले. एका ज्येष्ठ गृहस्थांनी दुकानात उभे राहून मला ऐकवले, की हे म्हणजे देवघरातली समई रस्त्यावर नेऊन ठेवण्यासारखे आहे. मी त्यांना काही उत्तर दिले नाही, पण कॅसेट मात्र बंद केली नाही. ते निघता निघता थांबले, पायऱ्यांवर उभे राहून ते गाणे पुरे ऐकले, मग गेले. कॅसेट त्यांनी घेतली नाही. तो आवाज छाती भरून येत होता, त्यातला सूर कुठेही सैल झालेला नव्हता, आणि अभिषेकीबुवांची पदे ज्यांनी ऐकली आहेत त्यांना त्यातली बैठक ओळखू येत होती. माझ्यापुरता तरी त्या दिवशी निकाल लागला. ‘मन के मंजीरे’ पुढे दोनेक वर्षांतच आले, ज्याच्या चित्रफितीत अभिनेत्री मीता वसिष्ठ ट्रक चालवतात. घरात मार सोसणाऱ्या बाईने बाहेर पडावे, असे सांगणारे गाणे बाजारात विकत मिळत होते आणि लोक ते घेत होते.

लकी अली यांचे ‘ओ सनम’ हे १९९६ चे, ‘सुनोह’ या संचातले. त्या आवाजात एक खरखर आहे, श्वास मध्येच संपल्यासारखा वाटतो. चित्रपटाच्या नायकासाठी त्या काळी तो कोणी घेतला असता असे मला वाटत नाही. मोहित चौहान यांच्या सिल्क रूट या बँडचे ‘डूबा डूबा’ १९९८ चे, आणि ‘बूँदें’ ही त्यांची कॅसेट मी दर पावसाळ्यात नव्याने मागवत असे. गिटार शिकणारी मुले ही दोन गाणी हमखास मागत, कारण ती घरी बसवता येत आणि एकट्याने गाता येत.

ही गाणी इतकी घट्ट बांधलेली का होती, याचे उत्तर मुंबईच्या जाहिरातींच्या स्टुडिओंत आहे. १९९६ साली हरिहरन यांच्याबरोबर ‘कोलोनियल कझिन्स’ करणारे लेस्ली लुईस जिंगल्स करत असत. शांतनू मोईत्रा आणि प्रसून जोशी, ज्यांनी ‘अब के सावन’ घडवले, ते दोघेही जाहिरातीच्या धंद्यातले. केके यांनी तर चित्रपटात नाव होण्याआधी अगणित जिंगल्स गायल्या होत्या. आपले अशोक पत्की त्याच परंपरेतले; त्यांनी लिहिलेले आणि चाल दिलेले ‘राधा ही बावरी’ स्वप्नील बांदोडकरच्या आवाजात घराघरांत पोहोचले. जाहिरातीत ३० सेकंद मिळतात. त्या तीस सेकंदांत चाल कानात रुजली नाही तर केलेले काम वाया जाते, आणि मागे कथा, प्रसंग, नायकाचे दुःख असा कोणताही आधार नसतो. अशा शिस्तीत हात बसलेल्या माणसांना पाच मिनिटे मिळाली तेव्हा त्यांनी ती जपून वापरली. चित्रपटगीत वाईट असले तरी प्रसंग त्याला सावरून घेतो. या गाण्यांना सावरणारे कोणी नव्हते.

याच कारणाने पुष्कळ गाणी पडलीसुद्धा, आणि हे लपवणे बरे नव्हे. पन्नास रुपयांच्या आसपासच्या कॅसेटमध्ये एक गाणे मन लावून केलेले आणि बाकीची सात वेळ भरण्यासाठी जोडलेली, असा प्रकार फार चाले. गिऱ्हाईक परत येऊन बोलत असे आणि त्याचे बरोबर असे. म्हणूनच ज्या कॅसेटी दोन्ही बाजूंनी सारख्या झिजून परत येत, त्या मी वेगळ्या लक्षात ठेवल्या आहेत. केकेचे ‘पल’ त्यांत पहिले. १९९९ सालची ती कॅसेट, संगीत लेस्ली लुईस यांचे, शब्द मेहबूब यांचे. कॉलेजच्या निरोपसमारंभाआधीच्या आठवड्यात मुले ‘यारों’साठी ती नेत आणि महिन्याभराने ‘आप की दुआ’साठीही तितकीच वापरलेली दिसे. मराठीत असा मान ‘गारवा’ला मिळाला. सौमित्र यांचे शब्द, मिलिंद इंगळे यांची चाल आणि आवाज, आणि गाण्याआधी कवीने स्वतः म्हटलेली कविता. तिथेही तेच, लिहिणारा आणि गाणारा दोघेही आपल्या समोर. मध्ये कोणी उसना चेहरा नाही.

मराठीपुरते बोलायचे तर २००२ मध्ये आलेले ‘ऐका दाजिबा’ ही वेगळी घटना होती. अवधूत गुप्ते यांचे संगीत, वैशाली सामंत यांचा आवाज, चित्रफितीत ईशा कोप्पीकर आणि मिलिंद गुणाजी. ते हिंदी संगीतवाहिन्यांवर दिसू लागले तेव्हा दुकानातल्या लहान टीव्हीसमोर लोक थबकत. मराठी शब्द आहेत, खाली हिंदी भाषांतर नाही, आणि पुढचे-मागचे गाणे हिंदी आहे. त्या एका गाण्याने आमच्या पोरांच्या तोंडी मराठी पॉप गाणे बसवले. त्याआधी वाढदिवसाला मराठी गाणे लावा म्हटले की मुले नाके मुरडत. त्या वर्षी तीच मुले ‘काका, दाजिबा लावा’ म्हणू लागली. मराठी माणसाने गाण्याच्या दुकानात दहा वर्षे काढल्यावर यासारखे समाधान दुसरे नाही.

मग हे सारे थांबले कसे, हा त्याच प्रश्नाचा दुसरा भाग. त्याच २००२ साली ‘कांटा लगा’चे रिमिक्स आले, आणि पाठोपाठ जुन्या गाण्यांच्या रिमिक्सची रांग लागली. यामागे कायद्याची एक तरतूद होती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(जे) प्रमाणे मूळ ध्वनिमुद्रणाला दोन वर्षे उलटली, की सूचना देऊन आणि ठरलेले मानधन भरून कोणालाही त्या गाण्याची नवी आवृत्ती काढता येत असे. २०१२ च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षांची केली आणि अटीही कडक केल्या, पण तोवर उशीर झाला होता. लोकांना आधीच पाठ असलेली चाल स्वस्तात मिळत असताना नवा कवी, नवा संगीतकार आणि नवा गायक यांच्यावर पैसे लावण्याचे धाडस कंपन्यांत उरले नाही. त्यातच एका चकतीवर शंभर-दीडशे गाणी भरलेली बेकायदा एमपीथ्री सीडी रस्त्यावर मिळू लागली. वाहिन्यांचा वेळ आगामी चित्रपटांच्या गाण्यांनी भरून गेला. पहिल्या ‘इंडियन आयडॉल’मध्ये आपला अभिजित सावंत जिंकला आणि २००५ मध्ये त्याची कॅसेट आली, तेव्हा महिनाभर दुकानात पुन्हा जुनी गर्दी झाली. ती शेवटचीच. २००६ च्या दिवाळीनंतर मी दुकानाचे शटर कायमचे ओढले.

गायक गेले नाहीत. मोहित चौहान, केके, शान हे सारे चित्रपटात गाऊ लागले आणि उत्तम गायले. पण तिथे त्यांचा आवाज पुन्हा दुसऱ्याच्या ओठांवर गेला. आजची मुले स्वतः गाणे करून स्वतःच्या नावाने लोकांपुढे ठेवतात हे मी आनंदाने पाहतो. त्यांना कॅसेटभर आठ गाण्यांचा संसार मांडावा लागत नाही आणि एका गाण्यासाठी कंपनीचे उंबरठे झिजवावे लागत नाहीत.

३१ मे २०२२ रोजी कोलकात्यात कार्यक्रम संपल्यावर केके गेला. शेवटचे गाणे त्याने ‘पल’च म्हटले होते. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मला फोन येत राहिले, सगळे जुन्या गिऱ्हाइकांचे, आता पुण्यात, बंगळुरात, एक तर थेट कॅनडातून. कोणालाच फारसे बोलता येत नव्हते. एका मुलाने, मुलगा म्हणतो, पण तो आता त्रेचाळीस वर्षांचा आहे, एवढेच विचारले, की काका, माझी कॅसेट तुम्ही दुरुस्त केली होती ती आठवते का? मला आठवत होती. त्याच्या कॅसेटमधली तुटलेली टेप मी चिकटपट्टीने जोडून दिली होती आणि त्यात ‘पल’ गाण्यातला अर्धा सेकंद गेला होता. तो म्हणाला, ते गाणे आता फोनवर पूर्ण ऐकतो तेव्हा त्या जागी काहीतरी जास्तीचे आल्यासारखे वाटते.

कॅसेटी विकायच्या आहेत का, असेही काही जण हळूच विचारतात. नाहीत. ऐकायच्या असतील तर मात्र जरूर या. प्लेअरचा रबरी पट्टा गेल्याच महिन्यात बदलला आहे, हेड साफ आहे, आणि दुपारी चारनंतर मी घरीच असतो. येण्याआधी कोणते गाणे हवे ते कळवलेत तर टेप त्या जागेवर आणून ठेवीन.